रिटायरमेंटनंतर रस्त्यावरचे गमतीचे फोटो काढायचे आहेत, नागपुरात कोणी काढतं का?

पेन्शनर_प्रतापनगर

नमस्कार मंडळी. सरकारी खात्यात लेखा विभागात जन्म गेला, आता रिटायर झालो आणि घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करून राहिलो, तर तिचंच म्हणणं आहे की काहीतरी हातात धरा आणि बाहेर निघा. भजनी मंडळात आवाज बसत नाही, बागेत हात लावला की झाड मरते. अंबाझरीला सकाळी हास्यक्लबात गेलो होतो, तिथे सगळे हात वर करून खोटं खोटं हसतात ते पाहून मला खरंच हसू फुटायचं आणि मग तेच लोक रागावून पाहायचे. तिथूनच हे डोक्यात शिरलं.

मला सूर्यास्त, पक्षी, फुलावरचे थेंब वगैरे काढायचे नाहीत, ते आमच्या शाळेच्या ग्रूपवर रोज सकाळी सहाला सुप्रभात म्हणून येतातच. मला रस्त्यावरची माणसं काढायची, पोज न देता, आणि फोटोत अशी काही गंमत पाहिजे की पाहणाऱ्याला फिस्सकन हसू यावं. मुलानं दिलेला मोबाईल आहे, कॅमेरा घ्यावा का? आणि मुख्य म्हणजे न विचारता फोटो काढला आणि समोरच्यानं कानाखाली दिली तर या वयात काय करायचं? बर्डीत एकदोनदा मोबाईल वर केला पण हात थरथरला, परत खिशात टाकला.

तर्री_जास्त

काका एक नंबर!! मार खाल्ला तर त्याचाही फोटो टाका 😂 आमच्या टपरीवर या सकाळी, तर्री पोहे खाणाऱ्या लोकांचे नाक पुसतानाचे फोटो काढले तरी पूर्ण अल्बम होते बाप्पा

इतवारी_खिचिक

काका, कॅमेरा आत्ताच घेऊ नका. मी बरीच वर्षं इतवारी-महाल-गांधीबाग पट्ट्यात फोटो काढतो, आणि या कामासाठी मोबाईल वाईट नाही, उलट आजकाल मोबाईल हातात धरून उभा असलेला माणूस कोणाला खटकतच नाही. मोठी लेन्स लटकवली की दहा जण विचारतात, कोणत्या चॅनलचे?

काही गोष्टी मात्र आजपासूनच. झूम करायचं नाही, अजिबात. मोबाईलची मेन लेन्स साधारण २४ ते २६ एमएमची असते, म्हणजे रुंद दिसते, म्हणून जवळ जावं लागते आणि दुरून झूम करून काढलेला फोटो चोरून काढल्यासारखा दिसतोच. बटण स्क्रीनवरचं दाबू नका, व्हॉल्युमचं दाबा, मोबाईल छातीशी धरून अंगठ्यानं काम होते. लेन्स रोज शर्टाच्या कोपऱ्यानं पुसा, अर्ध्या लोकांच्या फोटोत धुकं असते ते धुकं नसते, घाम असतो.

आता गमतीचं. नवीन माणूस काय करतो, गंमत दिसली की तिच्यामागे पळतो. पोचेपर्यंत ती संपलेली असते. त्याऐवजी आधी जागा निवडायची. एखादं होर्डिंग, भिंतीवरची जाहिरात, दुकानाबाहेर उभे केलेले पुतळे, शटरवर रंगवलेलं काहीतरी, असं जे स्वतःच अर्धा विनोद आहे. फ्रेम लावायची आणि गळ टाकून बसायचं. उरलेला अर्धा विनोद स्वतः चालत येतो, कोणीतरी येऊन बरोबर तिथेच जांभई देतो, पिशवी डोक्यावर घेतो, खाजवतो. नोकरीवाल्या पोरांना हे जमत नाही, त्यांना रविवारची सकाळ असते फक्त. तुमच्याकडे मंगळवारची दुपार आहे काका, आणि मंगळवारची दुपार हाच या धंद्यातला सगळ्यात महाग लेन्स आहे.

आणि दुसरं भांडवल म्हणजे तुमचं वय. पिकलेल्या केसांचा, हाफ शर्ट घातलेला, चहा पीत बसलेला माणूस रस्त्यावर कोणालाच दिसत नाही.

गोकुळपेठ_मास्तरीण

शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. पिकलेल्या केसांचा *पुरुष* दिसत नाही हो. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर हेच सुरू केलं, गोकुळपेठ मार्केटात भाजीच्या ओट्यांसमोर एका जागी उभी राहिले की पाच मिनिटांत कोणीतरी येतेच, आजी हरवलात का, आजी कोणाला फोन लावून देऊ का, आजी बसा. एकानं तर मला रिक्षात बसवून द्यायची तयारी केली. बाई बाजारात काही न घेता उभी आहे हे आपल्याकडे कोणाला पटतच नाही.

त्यावर माझा उपाय म्हणजे हातात पिशवी आणि पिशवीत कोथिंबीर वर दिसेल अशी. कोथिंबीर दिसली की तुम्ही तिथल्याच.

भाऊसाहेब, तुमच्या थरथरीचं सांगते. आधी माणसांशिवाय गमती काढा पंधरा दिवस. पाट्या काढा, वाळत घातलेले कपडे काढा, कुत्रे काढा. कुत्रा कानाखाली देत नाही.

इतवारी_खिचिक

मास्तरीण बाई, मानलं, ते मी पुरुषाच्या बाजूनेच बोललो होतो.

कुत्र्यांवरून, काका, एलियट अर्विट नावाचा फोटोग्राफर नक्की शोधून पाहा. १९२८ साली पॅरिसला जन्मला, आधी इटलीत आणि मग अमेरिकेत वाढला, १९५३ साली रॉबर्ट कापा या फोटोग्राफरनं त्याला मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेत घेतला आणि २०२३ साली पंच्याण्णवाव्या वर्षी गेला. त्याचा १९७४ सालचा न्यूयॉर्कमधला एक फोटो आहे, मधे बाईचे बूट घातलेले पाय, एका बाजूला टोपी घातलेलं पिटुकलं कुत्रं आणि दुसऱ्या बाजूला अजून दोन पाय, ते माणसाचे वाटतात, मग लक्षात येते की ते महाकाय कुत्र्याचे पुढचे पाय आहेत. कॅमेरा जमिनीलगत नेला एवढंच केलं त्यानं. उभ्यानं काढला असता तर बाई कुत्री फिरवून राहिली, संपलं. गंमत पुष्कळदा उंचीत असते, म्हणून गुडघे साथ देत असतील तर खाली बसा, नसतील तर मोबाईल उलटा करून, म्हणजे लेन्स खाली येईल असा, हात लांब सोडून काढा.

पेन्शनर_प्रतापनगर

गुडघे साथ देत नाहीत 🙂 मोबाईल उलटा करायचं माहीतच नव्हतं, आत्ता घरात करून पाहिलं, सोफ्याखालचा कचरा छान आला, बायकोला दाखवला तर तिला फिस्सकन हसू आलं नाही.

कॅमेऱ्याचं मात्र मन आहे हो. पुढेमागे घेतलाच तर सेटिंग काय ठेवायचं? माणूस येईपर्यंत फोकस शोधत बसलो तर माणूस धंतोलीला पोचेल.

इतवारी_खिचिक

फोकस शोधायचाच नाही. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरवाला साधा सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घ्या, त्यावर १८ एमएमच्या आसपासची लेन्स, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ वर, मॅन्युअल फोकस दोन मीटरवर नेऊन सोडून द्यायचा. साधारण एक मीटरपासून पार मागच्या इमारतीपर्यंत सगळं कामापुरतं शार्प येते. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, ऑटोवर, आणि मग कॅमेऱ्याला विसरून जा. दोन मीटर म्हणजे आपण चहाच्या टपरीवर समोरच्या बाकड्यावरच्या माणसाशी बोलतो तेवढं, घरी टेपनं मोजून डोळ्याला सवय लावा. लहान हवा असेल तर रिको जीआर थ्री बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा आहे, त्यात हे अंतर आधीच सेट करून ठेवायची सोय आहे, पण किंमत पाहून बीपी वाढेल.

छातीशी धरण्याबद्दल अजून एक, व्हिव्हियन मायर ही बाई अमेरिकेत, बहुतेक शिकागोत, लोकांची पोरं सांभाळायचं काम करायची आणि फिरता फिरता फोटो काढायची, लाखावर निगेटिव्ह निघाल्या, त्या २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा बाहेर आल्या. तिचा रोलिफ्लेक्स कॅमेरा होता, त्यात वरून खाली वाकून पाहावं लागते, त्यामुळे समोरच्याला वाटायचं ही बाई आपल्याकडे पाहतच नाही. मोबाईल छातीशी धरून स्क्रीनकडे पाहिलं की आपोआप तेच होते.

पुणेरी_पाहुणा

स्ट्रीट फोटोग्राफी ब्लॅक अँड व्हाईटमध्येच खुलते असं माझं प्रामाणिक मत आहे. रंग लक्ष विचलित करतात.

तर्री_जास्त

आले

इतवारी_खिचिक

पुण्यात करत असतील 🙂 कॉटन मार्केटात संत्र्याच्या ढिगासमोर नारंगी शर्ट घातलेला माणूस उभा आहे, त्याचा ब्लॅक अँड व्हाईट काढला तर तिथे काय उरते सांगा, राखाडी ढीग आणि राखाडी माणूस. आपल्याकडची अर्धी गंमत रंगातच आहे. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) हा माणूस जग ब्लॅक अँड व्हाईटलाच कलात्मक समजत होतं तेव्हापासून हिंदुस्थानचे रस्ते रंगात काढत राहिला.

स्कार्फवाली

मी धागा वाचत होते, बोलणार नव्हते, पण बोलते. इथे सगळे "दिसत नाही", "कळत नाही", "छातीशी धरा", "बाई पाहतच नाही असं वाटायचं" असं लिहून राहिले. दुसऱ्या बाजूनं पाहा ना जरा. फुटाळ्यावर मैत्रिणींसोबत बसलो की एखादा काका मोबाईल असाच छातीशी धरून उभा असतो, आणि तो कलाकार आहे का दुसरा कोणी हे आम्हाला कसं कळणार? तुमचा हेतू चांगला असेल, तो मोबाईलवर लिहिलेला नसतो. रागावून नाही म्हणत काका, पण न विचारता काढणं हा गमतीचा भाग समजू नका.

पेन्शनर_प्रतापनगर

बेटा रागावलीस तरी चालेल. हीच थरथर होती बहुतेक. यावर जाणकारांनी बोला.

कोर्टातला_काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. स्त्रीचे खाजगी कृतीतले चोरून फोटो काढणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, आणि पाठलाग करणं कलम ७८, म्हणजे एकाच मुलीच्या मागे मागे फोटो काढत फिरणं अंगाशी येऊ शकते आणि यायलाच पाहिजे. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, १५ ऑगस्ट-२६ जानेवारीसारख्या दिवशी लोकांना सोडतात, तिथे आणि महालात जिथे जिथे बंदूकधारी बंदोबस्त दिसेल तिथे मोबाईल खिशात. स्टेशनवर, मेट्रोत फलक वाचा. कोणी फोटो काढून टाका म्हटलं तर तुम्ही कायद्यानं बरोबर असलात तरी काढून टाका, रस्त्यावर कलमं सांगत बसू नका, मी वकील असून नाही सांगत.

गोकुळपेठ_मास्तरीण

स्कार्फवाली बरोबर बोलली. माझे नियम माझ्यापुरते सांगते. एकट्या मुलीचा, जोडप्याचा, दुसऱ्याच्या लेकराचा फोटो विचारल्याशिवाय नाही. दारू पिऊन पडलेला, भीक मागणारा, वेडसर, घसरून आपटलेला, यांच्यावर गंमत नाहीच. मोबाईल लपवायचा नाही. काढल्यावर नजर चुकवायची नाही, हसायचं आणि स्क्रीन दाखवायची. बहुतेक लोक स्वतःचा फोटो पाहून पहिलं वाक्य म्हणतात, "पोट जास्त आलं".

इतवारी_खिचिक

लपवण्याबद्दल ऐकलं, पटलं. छातीशी धरायचा तो उंचीसाठी, चोरीसाठी नाही.

पेन्शनर_प्रतापनगर

रिपोर्ट देतो मंडळी. सध्या नवतपा सुरू आहे, पारा पंचेचाळीस, तरी सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी जाऊन राहिलो. दुपारी गेलो होतो तर मोबाईलच तापून कॅमेरा बंद पडला, थंड होऊ द्या म्हणे, मी म्हटलं मलाही.

दोन फोटो जमले असं वाटते. पहिला कूलरच्या दुकानाबाहेरचा. मिस्त्री कूलरमध्ये पार खांद्यापर्यंत डोकं घालून पंप बसवत होता, बाहेर फक्त धड आणि पाय, आणि कूलरवर चिठ्ठी चिकटवलेली, "जुना, चालू स्थितीत, भाव फिक्स". दाखवल्यावर मिस्त्री स्वतः इतका हसला की पाना हातातून सुटला.

दुसरा व्हरायटी चौकाच्या सिग्नलचा. चारपाच मुली गाड्यांवर, सगळ्यांना डोक्यापासून स्कार्फ, गॉगल, पांढरे हातमोजे, एकीचाही चेहरा दिसत नाही. आणि त्यांच्या मधोमध एक माणूस दुकानातला बाईचा पुतळा मागच्या सीटवर बांधून नेत होता. अख्ख्या चौकात चेहरा उघडा असलेली तीच एक, आणि उन्हाकडे पाहून मस्त स्माईल देऊन राहिली.

स्कार्फवाली

😂😂😂 हा चालेल. यात आम्ही आहोत पण आम्ही नाही.

इतवारी_खिचिक

काका, सिग्नलवाला फोटो अस्सल नागपूर आहे, मुंबईत काढून दाखवावा कोणी. एकच खटकलं, फोटोच्या वरचा अर्धा भाग मेट्रोचा पूल आणि केबल आहेत, त्यानं काही मिळत नाही. आणि कॅप्शनमध्ये "पाहा पुतळ्याला ऊन लागत नाही" असं लिहिलंय ते काढा, जोक सांगितला की मरतो. कॅप्शनमध्ये चौक आणि महिना, बास.

कूलरवाल्यात चिठ्ठी आधी वाचली जाते का धड आधी दिसते, हे महत्त्वाचं. डोळा आधी धडावर गेला पाहिजे, मग चिठ्ठीवर. तुमच्या फोटोत चिठ्ठी उन्हात चमकते, म्हणून ती आधी वाचली जाते आणि मग माणूस सापडतो, पंच लाईन आधी आणि जोक नंतर. पुढच्या वेळी उजेडाच्या भागावर बोट ठेवून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली ओढा.

तर्री_जास्त

एवढं शास्त्र असते काय त्यात? मले वाटलं काका फक्त बटण दाबून राहिले

पेन्शनर_प्रतापनगर

धागा वर काढतो, मधे पोळ्याच्या दिवसांत खूप फिरलो. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं धोतर, फेटा, काढलेली मिशी अशी सजून लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरत होती, एकाचा बैल वीतभर, आणि तो नेमका आदल्या दिवशी शिंगं रंगवलेल्या खऱ्या बैलासमोर येऊन थांबला. पोरगा बैलाकडे पाहतो, बैल लाकडी बैलाकडे पाहतो, दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच संशय. पोराच्या आईला विचारून टाकलाय फोटो.

त्याच दिवशी मारबतीलाही, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीलाही गेलो होतो, तिकडे मात्र हाल. गर्दीत मला समोरच्याच्या मानेशिवाय काही दिसलं नाही.

इतवारी_खिचिक

मारबत चुकीच्या वेळी गेलात काका. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, जुन्या नागपुरात त्या दिवशी मुंगीला जागा नसते. आपल्या वयाला, म्हणजे मीही आता पंचावन्नचा आहे, त्या आधीचे दिवस बरे. बडगे, म्हणजे मारबतीसोबत निघणारे टिंगलीचे पुतळे, बनत असतात तेव्हा जायचं. कोणाचं मुंडकं वाळत ठेवलेलं असते, महागाईच्या राक्षसाला पाय बसायचे असतात, आणि त्याच्याच मांडीवर डबा ठेवून कारागीर जेवत असतो. बडग्यावर पाटी मुळातच खवचट असते, म्हणजे अर्धा विनोद फुकट. तुम्ही फक्त उरलेला अर्धा पाहायचा.

पेन्शनर_प्रतापनगर

पुढच्या वर्षी तसंच करतो. आता ज्याच्यासाठी धागा वर काढला ते. हिवाळी अधिवेशन सुरू आहे, टेकडी रोडला मोर्चे अडवलेत, परवा तिथे गेलो होतो. डिसेंबरचं ऊन, लोक रस्त्यावर बसलेले, आणि एक जण डांबरावरच आडवा झालेला, तोंडावर ऊन येते म्हणून हातातला फलक चेहऱ्यावर ठेवून गाढ झोपलेला, फलकावर मोठ्या अक्षरात "सरकार, जागे व्हा". मला वाटते हा माझा आजपर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो आहे. पण अजून कुठे टाकला नाही. बायको म्हणाली कोणाला हसून राहिले तुम्ही?

स्कार्फवाली

काकूंना नमस्कार सांगा. तो माणूस रात्रभर एसटीनं गडचिरोलीहून आला असेल काका. झोपला म्हणून जोक?

इतवारी_खिचिक

मी टाकेन. चेहरा झाकलेला आहे, ओळख पटत नाही, आणि जोक झोपणाऱ्यावर नाहीच, फलकावर आहे. उलट सरकारवर आहे, एवढं ओरडून हा थकला तरी ते उठत नाही.

स्कार्फवाली

हे तुम्ही म्हणता. व्हॉट्सॅपवर गेला की खाली काय लिहून फिरेल सांगू? "पैसे देऊन आणलेले मोर्चेकरी". मग?

गोकुळपेठ_मास्तरीण

ही भीती खरी आहे. फोटोत बाकी काय आहे भाऊसाहेब? आजूबाजूला?

पेन्शनर_प्रतापनगर

मागे पोलीस उभे आहेत, बॅरिकेडला टेकून, त्यातला एक जण पण डोळे मिटून आहे, मला तर आता तुम्ही विचारल्यावर दिसलं! मोठा करून पाहिला, खरंच डुलकी लागलीय त्याला. मी मूळ फोटो कापून फक्त झोपलेला माणूस ठेवला होता.

गोकुळपेठ_मास्तरीण

मग कापू नका! पूर्ण ठेवा. एकटा झोपलेला दिसला तर तो आळशी, दोघं झोपलेले दिसले तर दोघंही दमलेले.

इतवारी_खिचिक

हेच म्हणतो. पण पोलीसदादाचा चेहरा ओळखू येत असेल तर ड्युटीवर डुलकीचा फोटो त्याच्या नोकरीवर येऊ शकतो, ते पाहा.

पेन्शनर_प्रतापनगर

कॅपच्या सावलीत आहे, अर्धी हनुवटी दिसते फक्त. तरी ऑनलाईन नाही टाकत सध्या, अधिवेशन संपू दे, मग बघू. घरी मात्र प्रिंट काढून लावला. सहा बाय चारच्या प्रिंट काढायची सवय लागली आहे, ज्याचा फोटो काढला त्याला नंतर नेऊन देतो. कूलर मिस्त्रीनं स्वतःचा बिनडोक्याचा फोटो दुकानात गणपतीच्या शेजारी लावलाय, आणि आता त्या लायनीतले बाकीचे मिस्त्री मला हाक मारतात, काका आमचा कधी? आता हे लोक मला पाहून पोज देतात, डोकं मुद्दाम कूलरमध्ये घालून उभे राहतात, यावर काय उपाय?

इतवारी_खिचिक

बाजार बदला 😄 सहा महिने इतवारीत या.

स्कार्फवाली

उपाय कशाला, पोज देणाऱ्यांची रांगच काढा ना, सगळ्या लायनीत फक्त पाय.

पेन्शनर_प्रतापनगर

बेटा हे भारी सुचलं. मार्चमध्ये कूलर बाहेर निघाले की करतो.

तर्री_जास्त

काका माझे मोठेबाबा त्याच लायनीत आहेत, तिसरं दुकान. त्यांचं डोकं कूलरमध्ये जात नाही, पोट अडते. त्यांचे पाय नाही येणार, त्यांना रुंद लेन्सनं घ्या